हिरवळीवर चालू नये

आपल्याकडच्या कोणत्याही लहान शहरातील सार्वजनिक उद्यानात मुलांना घेऊन शिरले की पहिली गाठ झाडाशी न पडता फलकाशी पडते. ‘हिरवळीवर चालू नये. फुले तोडू नयेत. खाद्यपदार्थ आत आणू नयेत. चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. मोठ्या मुलांनी झोपाळ्यावर बसू नये. आदेशावरून.’ मराठी शिकवणे हा आमचा व्यवसाय असल्यामुळे हा मजकूर ओलांडून पुढे जाणे आम्हांला जमत नाही. नुकतेच वाचायला शिकलेले मूल दिसेल ते अक्षर मोठ्याने वाचत चालते. शाळेच्या आणि घराच्या बाहेर, सार्वजनिक जागेत, त्याने स्वतः होऊन वाचलेला पहिला सलग मराठी मजकूर पुष्कळदा हाच असतो. म्हणजे पाठ्यपुस्तक मंडळाने कितीही काळजीपूर्वक धडे निवडले तरी नागरिकशास्त्राचा पहिला धडा उद्यानाच्या फाटकावर रंगवून ठेवलेला आहे.

या धड्याचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. पाच वाक्ये, पाच निषेध. ‘मोठ्या मुलांनी’ एवढे एक स्थळ सोडले तर निषेध कोणाला उद्देशून आहे हे कुठेच सांगितलेले नाही. हिरवळीवर कोणी चालू नये? मुलाने चालू नये. माळी चालतो, उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे चालतात, त्यांचा मंडपही हिरवळीवरच पडतो. शेवटच्या ‘आदेशावरून’ या शब्दाने तर आदेश देणाराही अदृश्य केला आहे. ‘या’, ‘बसा’, ‘खेळा’, ‘पाणी प्या’, ‘या झाडाचे नाव करंज’ असे एकही वाक्य त्या फलकावर नसते. मुलांसाठी म्हणून बांधलेल्या जागेत मुलांना उद्देशून एकही होकारार्थी क्रियापद सापडू नये, ही आमच्या मते केवळ शैलीची बाब नाही. जागा ज्या हेतूने बांधली गेली तो हेतूच या व्याकरणात उघडा पडतो.

तो हेतू सांगणारा शब्दही मराठीत तयार आहे: सुशोभीकरण. आमचे भांडण या शब्दाशी आहे. चौकाचे सुशोभीकरण, तलावाचे सुशोभीकरण, दुभाजकाचे सुशोभीकरण आणि त्याच यादीत उद्यानाचे सुशोभीकरण. शोभा म्हटली की पाहणारा आला, आणि हा पाहणारा बहुधा रस्त्यावरून वाहनात बसून जाणारा प्रौढ माणूस असतो. त्याच्या डोळ्यांना बरे वाटावे म्हणून कारंजे येते; ते उद्घाटनानंतर काही आठवडे उडते. त्याच्यासाठी ‘आय लव्ह’ आणि पुढे गावाचे नाव अशी दिव्यांची अक्षरे येतात, छायाचित्र काढायला कोपरा येतो, जमिनीवर सिमेंटचे गट्टू येतात. मुलांच्या वाट्याला फायबरचे हरीण आणि तोंड उघडून कचरा गिळणारा पेंग्विन येतो. ज्या मुलांना मे महिन्यात घागर भरून आणायला पाठवले जाते त्यांच्यासाठी दक्षिण ध्रुवाकडचा पक्षी निवडणाऱ्या कल्पनाशक्तीला दाद द्यावी तेवढी थोडी. मुंबईच्या मलबार हिलवर, कमला नेहरू पार्कात, इंग्रजी बडबडगीतातल्या म्हातारीचा बूट उभा आहे. निदान त्या बुटात पिढ्यान्‌पिढ्या मुले चढत-उतरत आली. आमच्या पेंग्विनवर मात्र ‘बसू नये’ असे लिहिलेले असते.

आता या तक्रारीला मिळणारी उत्तरे एकेक करून पाहू.

पहिले उत्तर असे की उद्यान ही मुंबई-पुण्याची गरज आहे. मराठवाड्यातल्या मुलाला बाग कशाला हवी, त्याला सबंध शिवार मोकळे आहे. हे म्हणणे ऐकायला रम्य आहे आणि आमच्या ग्रामीण साहित्याने त्याला रंगही भरपूर दिला आहे. पण धाराशिव शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच लाखाच्या पुढे गेली होती. गावातली शेती सुटलेली किंवा न परवडणारी झालेली, मुलांच्या शाळेसाठी आलेली, बदलीवर आलेली, मजुरीसाठी आलेली कुटुंबे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. त्यांच्या दारासमोर अंगण नसते, दुचाक्या असतात. त्यापुढे रस्ता, रस्त्यावर रिक्षा, आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या. मुंबईइतकी उंच नसली तरी ही गर्दीच आहे, आणि गर्दीत सर्वांत आधी आक्रसते ती मुलाची जागा. राहता राहिले शिवार. शिवार कोणाच्या तरी मालकीचे असते. तिथे बिनकठड्याच्या विहिरी आणि शेततळी असतात, आणि मुख्य म्हणजे तिथे काम असते. शेतात गेलेले मूल खेळायला गेलेले नसते. ते बहुधा शेळ्या राखायला, धाकट्या भावंडाला सांभाळायला किंवा वेचणीला गेलेले असते.

या ठिकाणी आमच्याच जिल्ह्यातल्या एका कथेची आठवण होते. तेरचे गोरोबाकाका आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. पत्नी पाण्याला गेली, लेकरू बापापाशी राहिले, बाप नामात दंग होऊन चिखल तुडवीत होता, आणि रांगत आलेले मूल त्याच चिखलात तुडवले गेले. संतचरित्रांनी ही कथा भक्तीच्या पराकोटीचे उदाहरण म्हणून सांगितली. पांडुरंगाने मूल परत दिल्याचेही सांगितले. परंपरेच्या दृष्टीने तिचा अर्थ तोच आहे आणि त्याला धक्का लावण्याचे आम्हांला कारण नाही. परंतु त्या अर्थाखाली, जमिनीलगत, तीन ऐहिक गोष्टी स्वच्छ दिसतात: पाणी आणायला बाहेर जावे लागते, आईबाप दोघेही कामात आहेत, आणि मुलाला रांगायला बापाच्या कामाच्या जागेखेरीज जागा नाही. आज बांधकामावर वाळूच्या ढिगाऱ्यात खेळणारे, उसाच्या फडात पाचटावर निजवलेले, आठवडी बाजारात हातगाड्याखाली बसवलेले मूल त्याच कथेतले आहे. पांडुरंगावर भरवसा ठेवून नगररचना करता येत नाही.

याच उत्तराची एक सौम्य आवृत्ती अशी की आपल्याकडे जत्रा आहेत, उरूस आहेत. येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते, तुळजापुरात नवरात्रात माणसांचा समुद्र लोटतो, पाळणे येतात, पोरे मनसोक्त हिंडतात. पाऊस झाला की नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालावरून पडणारे पाणी पाहायला सहली निघतात. हे सगळे आहे आणि ते असावे. पण यात्रा वर्षातून एकदा येते आणि सहलीला वर्गणी लागते. खेळ ही मुलाची रोजची गरज आहे. भाकरी रोज लागते म्हणून कोणी पुरणपोळीचे उदाहरण देत नाही.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे: प्यायला पाणी नाही, बागेला कुठून आणायचे? अवर्षणाचा हा प्रदेश, टँकरची सवय झालेली गावे. इथे हिरवळ पोसणे हा गुन्हाच आहे. आम्ही या उत्तराशी पूर्ण सहमत आहोत, आणि म्हणूनच विचारतो की उद्यान म्हणजे हिरवळ हे समीकरण कोणी मांडले? कातरलेले गवत ही पावसाळी, थंड मुलखातली अभिरुची. ती साहेबाच्या बंगल्याभोवती आली, तिथून सरकारी विश्रामगृहात गेली आणि तिथून नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात. आमच्या मातीला लिंब, चिंच, वड, पिंपळ, करंज, बोर, हादगा ठाऊक आहेत. पहिली काही वर्षे जपली तर यांतली बहुतेक झाडे पुढे स्वतःच्या बळावर उन्हाळे काढतात. त्यांच्याखाली माती असावी, थोडी वाळू असावी. मुलाला सावली आणि माती पुरते. चिंचेखालची जागा झाडून काढायला पाणी लागत नाही. हिरवळीला मात्र पाणी लागते आणि ती पायांनी मरते; म्हणून तिच्याबरोबर ‘चालू नये’ हे वाक्य अपरिहार्यपणे येते. आधी आपल्या हवेला न मानवणारी वस्तू आणायची आणि मग तिच्या रक्षणासाठी मुलाला बाहेर ठेवायचे, असा हा व्यवहार आहे.

तिसरे उत्तर शिस्तीचे. मोकळे सोडले की लोक नासधूस करतात, झोपाळ्याच्या साखळ्या जातात, जोडपी येऊन बसतात, टवाळखोर जमतात. म्हणून कुंपण, कुलूप, तिकीट आणि वेळा. सकाळी दोन-तीन तास, संध्याकाळी दोन-तीन तास. या वेळा चालायला येणाऱ्या सेवानिवृत्तांच्या सोयीच्या आहेत. पत्र्याच्या खोलीत भर दुपारी भाजून निघणाऱ्या मुलाला सावलीची गरज असते तेव्हा फाटकाला कुलूप असते. जागा ओस ठेवली की ती टवाळखोरांची होते आणि मग टवाळखोर येतात म्हणून ती आणखी ओस ठेवायची, हे चक्र कोणत्याही गावात पाहायला मिळेल. याचा सर्वांत मोठा भुर्दंड मुली भरतात. दहा-बारा वर्षांची होईपर्यंत भावाबरोबर येणारी मुलगी त्यानंतर एकाएकी येईनाशी होते. तिच्या जागी तिची आई येते, तीही धाकट्याला घेऊन, आणि झोपाळ्याजवळ उभी राहते. बाकावर नुसती बसलेली बाई आपल्या डोळ्यांना अजून खुपते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात हे मांडले: सुरक्षिततेच्या नावाने बाईला बाहेर ठेवण्यापेक्षा विनाकारण रेंगाळण्याचा तिचा हक्क मान्य झाला पाहिजे. जे महानगराला लागू ते जिल्ह्याच्या गावाला दुपटीने लागू आहे, कारण इथे प्रत्येक डोळा ओळखीचा असतो.

येथपर्यंत आम्ही खेळाबद्दल बोललो. परंतु उद्यानाचा हिशेब केवळ खेळाने पुरा होत नाही, आणि साहित्याच्या वाचकांसमोर दुसरी बाजू अधिक ठळकपणे मांडली पाहिजे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात परळच्या चाळीत राहणारा एक शाळकरी मुलगा मुंबईतल्या चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत असे. चाळीतल्या खोलीत भांडी, सरपण आणि माणसे यांच्या दाटीत वाचायला जागा नव्हती. त्याच बागेत येणाऱ्या कृष्णराव अर्जुन केळूसकर या शिक्षक-लेखकाचे लक्ष त्याच्याकडे गेले. ओळख झाली, पुस्तके मिळू लागली. मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला. पुढे त्याच्या सत्कारात केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि महाविद्यालयीन शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्दही टाकला. भीमराव आंबेडकरांच्या चरित्रातला हा प्रसंग सर्वपरिचित आहे. आपण तो गुरुशिष्य-भेटीचा प्रसंग म्हणून वाचतो. ज्या जागेने तो घडवला ती जागा वाचनातून निसटते. विहीर नाकारणाऱ्या, शाळेत गोणपाटावर बसवणाऱ्या समाजात एका अस्पृश्य मुलाला कोणाची परवानगी न मागता बसता येईल असा एक बाक होता, आणि त्या बाकावर दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या वयाच्या माणसाशी त्याची गाठ पडू शकली. घरात ती पडली नसती, देवळात पडणे शक्यच नव्हते.

‘सार्वजनिक’ या शब्दाचे मोल अशा ठिकाणी कळते. १८७० साली पुण्यात सभा स्थापन झाली ती ‘सार्वजनिक’ म्हणून. जोतीराव फुल्यांचे अखेरचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली, ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या नावाने प्रसिद्ध झाले. महाडच्या तळ्याचा १९२७ सालचा संगर याच शब्दाच्या अर्थासाठी झाला. ज्या बाबासाहेबांनी १९४१ साली आमच्या जिल्ह्यात कसबे तडवळे येथे महार-मांग परिषद घेतली, त्यांच्या नावाचे चौक, पुतळे आणि कमानी आज गावोगाव आहेत. त्या चर्नी रोडच्या बाकासारखा एक बाक, वर एक दिवा आणि खाली बसायला मुभा, एवढे मात्र आपण किती गावांत ठेवले आहे?

इतिहासाकडे बोट दाखवून सुटका करून घेता येईल. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या संस्थानात होता. इंग्रजी अमलातल्या मुंबईप्रमाणे राणीच्या बागेसारखी उद्याने इथल्या जिल्ह्याच्या गावांना मिळाली नाहीत, हे खरे आहे. पण ‘बाग’ हा शब्द मराठीत फारसीतूनच आला, आणि त्याच संस्थानाच्या राजधानीत ‘बाग-ए-आम’, म्हणजे सर्वांची बाग, उभी राहिली होती. कल्पना इथल्या मातीला परकी नव्हती. शिवाय संस्थान विलीन होऊन पाऊणशे वर्षे उलटली. आता निजामाला दोष देण्याचा काळ सरला.

दोष द्यायचाच तर तो कागदावर शोधावा लागतो. शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी, क्रीडांगणासाठी जागा आरक्षित केलेल्या असतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा; त्याच्या कलम १२७ अन्वये अशी जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतरच्या ठरावीक मुदतीत पालिकेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होते. जमीनमालकाला अनंत काळ अडकवून ठेवू नये, हा या कलमाचा न्याय्य हेतू आहे. पण प्रत्यक्षात बाग ज्या दिवशी मरते त्या दिवशी कोणी झाड तोडत नाही. फक्त एक तारीख उलटते. नव्या वसाहतींत ले-आउट मंजूर करताना जी खुली जागा सोडावी लागते, जिला लोक ‘ओपन स्पेस’ म्हणतात, तिच्यावर पाण्याची टाकी, देऊळ, सभागृह असे काही ना काही उभे राहते. प्रत्येक गोष्ट चांगली असते, प्रत्येक गोष्टीला पाठीराखे असतात. मुलांना मतदान नसते.

नुसती मोकळी जागा सोडली म्हणजे झाले असेही नव्हे. याचा धडा आमच्याच जिल्ह्याने दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीच्या परिसरातील आणि आमच्या सास्तूर भागातील गावे नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते, सरळ रेषेत घरे, मधे मोकळे चौक. जुन्या गावातला पार मात्र आराखड्यावर काढता येत नाही. पाराला झाड लागते, झाडाला वर्षे लागतात, आणि त्याखाली बसायचे कारण लागते. मोकळ्या जागेची सार्वजनिक जागा होण्यासाठी कोणीतरी ती जपावी लागते.

आणि मोजले जात नाही ते जपले जात नाही. २०१८ साली देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत तेव्हाच्या उस्मानाबादचा समावेश झाला. आरोग्य, शिक्षण, शेती व पाणी, वित्तीय समावेशन, पायाभूत सुविधा अशा विषयांतले ४९ निर्देशांक ठरले. पोषण मोजले, लसीकरण मोजले, शाळेतले स्वच्छतागृह मोजले. हे मोजलेच पाहिजे होते. मुलाच्या खेळण्याच्या जागेला मात्र त्या यादीत स्थान मिळाले नाही. बालहक्कांच्या १९८९ सालच्या आंतरराष्ट्रीय संहितेचे ३१ वे कलम विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क मानते आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली. शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले. म्हणजे तत्त्व मान्य आहे. अडते ते चार गुंठे जागेपाशी.

आता साहित्यव्यवहाराकडे. आमच्या शाळांतून ‘बागेतील एक तास’ हा निबंध पिढ्यान्‌पिढ्या लिहिला जातो. त्यात रंगीबेरंगी फुलपाखरे असतात, थुईथुई नाचणारे कारंजे असते, मखमली हिरवळ असते. बाग न पाहिलेले मूल मार्गदर्शकातला उतारा पाठ करून तो लिहिते आणि त्याला चांगले गुण मिळतात. अनुभव नसताना अनुभवाची भाषा तेवढी घडवून घ्यायची, हे मराठी गद्याचे पहिले प्रशिक्षण. पुढे आपण कृतक लेखनाबद्दल परिसंवाद भरवतो. निसर्गाविषयी मराठी समीक्षा बोलते तेव्हा अरण्याविषयी, डोंगराविषयी, नदीविषयी बोलते. माणसांनी माणसांसाठी लावलेल्या झाडांच्या तुकड्याविषयी ती गप्प असते, जणू तो विषय अभियंत्यांचा आहे. जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते: वसईचा हिरवा पट्टा वाचवण्यासाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरलेले लेखक, २०२४ साली दिवंगत झालेले. झाडांसाठी लढणे हा लेखकाच्या कामाचाच भाग आहे, हे त्यांच्या आयुष्याने दाखवले होते. संमेलनाचे मांडव उतरले. त्या अध्यक्षांच्या स्मरणार्थ या शहरात सावलीची एक जागा मुलांसाठी राखावी, असे म्हणायला आजही उशीर झालेला नाही.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. दुपारी फाटक उघडे असावे. आपल्या हवेत जगणारी झाडे असावीत आणि त्यांवर चढू द्यावे. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि मुलींना जाता येईल असे स्वच्छतागृह असावे. घसरगुंडीजवळ वाळू असावी. चेंडूसाठी एक कोपरा आणि वाचण्यासाठी दिव्याखालचे काही बाक असावेत. एक पगारी माणूस असावा, जो शिट्टी फुंकण्याऐवजी पडलेल्या मुलाला उचलील. कारंज्याच्या खर्चात यातले बरेच काही बसते.

शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी त्यासाठी एक काम करावे. आपापल्या गावाच्या नगरपालिकेत जाऊन मंजूर विकास आराखडा पाहायला मागावा. तो पाहण्याचा अधिकार सर्वांना आहे. बागेची आणि क्रीडांगणाची आरक्षणे मोजावीत, त्यांतल्या किती जागांवर आज मुले खेळतात ते एका संध्याकाळी फिरून पाहावे, कोणाची दहा वर्षे केव्हा भरतात याची नोंद करावी आणि ती नोंद गावापुढे मांडावी. भाषेच्या विद्यार्थ्यांना या कामासाठी वेगळ्या पात्रतेची गरज नाही. नकाशावरचा मजकूर नीट वाचता आला पाहिजे. आणि जाता-येता, जमल्यास, फाटकावरचा तो फलकही नव्याने लिहून द्यावा. त्याची सुरुवात ‘या’ अशी असावी, एवढीच आमची सूचना आहे.